सरांची आठवण आणि माहेरची सही

प्रश्न : आमचे ड्रॉईंगचे सर गेल्या पौषात वारले. बेळगावच्या शहापुरात त्यांच्या माडीवर दर रविवारी फक्त मुलींचा वर्ग भरायचा. लोअर आणि हायर ग्रेडच्या परीक्षेला त्यांनीच आम्हाला बसवलं. कुणाचं लग्न ठरलं की तिच्या सासरी जाऊन, ‘हिचा हात बंद पाडू नका,’ असं सांगून यायचे. आम्ही जुन्या ११ जणी जमलोय. कुणी म्हणते सरांच्या नावे बक्षीस ठेवू, कुणी म्हणते फोटोचं अनावरण करू. काय करावं?
– एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : ताई, सरांना मीही ओळखत होते. मी शाळेत ड्रॉईंग शिकवायची तेव्हा पोरींसाठी कागद कमी पडला की त्यांच्याच माडीची पायरी चढायची. रिकाम्या हातानं कधी परत आले नाही. चहाचं मात्र नाव नसायचं, कारण कपात ब्रश बुडवलेले असायचे.

फोटोचं राहू द्या. बक्षीसही दोन वर्षं उत्साहानं चालतं, मग पैसे गोळा करायचे कुणी यावरून अबोला होतो. माझं मत वेगळं आहे. तुम्ही अकरा जणींनी आधी स्वतःची चित्रं हुडकून काढा.

आठवतं ना, चित्र पुरं झालं की पोरी सही करायला लाजायच्या. सर ओरडायचे, ‘नाव घाल की गं, चोरीचं हाय काय चित्र?’ पोरींनी नावं घातली, आणि लग्नात नावं बदलली. काहींचं तर पहिलं नावही. आता माळ्यावर एखादं चित्र सापडलं तर घरातली सून विचारते, ही कोण? सासूच ती!

बेळगावच्या चित्रकलेचा विषय निघाला की के. बी. कुलकर्णी आणि त्यांचे शिष्य रवी परांजपे (१९३५–२०२२) ही नावं येतात. यायलाच हवीत. पण त्यापुढं एका बाईचं नाव घ्या म्हटलं की बैठक गप्प. मोठ्या घरातही तेच. अंबिका धुरंधर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या चित्रकार, पण बहुतेकांना त्या नामवंत चित्रकार रावबहादूर धुरंधरांची मुलगी म्हणूनच ठाऊक. आपल्या माडीवरच्या पोरींची काय कथा?

तेव्हा प्रत्येक चित्रामागे, कडेला, मऊ पेन्सिलीनं न दाबता दोन्ही नावं लिहा, माहेरचं आणि सासरचं. सोबत साल, गाव, आणि समोर काय मांडलं होतं तेही. बॉलपेन नको, शाई पुढं उमटते. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, काही वर्षांनी पिवळा डाग पडतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. आमच्या एका मैत्रिणीचं कपिलेश्वर तलावाचं जलरंगचित्र कुण्या हौशी भाच्यानं लॅमिनेट करून आणलं. प्लास्टिक निघेना, आणि ती दोन दिवस जेवली नाही.

आपल्याकडच्या पावसात कागदाला बुरशी धरतेच. उन्हात टाकू नका, रंग उडतात. ओल्या फडक्यानंही पुसू नका. सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या, मग नाकातोंडाला रुमाल बांधून मऊ ब्रशनं बाहेर अंगणात झाडा. फ्रेम करताना मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा, काच कागदाला टेकता कामा नये. आणि बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ती आषाढात पाझरते.

एवढं जमलं की प्रदर्शन करा. सरांचं एखादंच चित्र ठेवा, बाकी भिंती तुमच्या. पण दिवाळीनंतर करा, श्रावणात नको. माझ्याकडे त्या माडीवरच्या वर्गातली दोन चित्रं आहेत. कुणाची ते ओळखू येत नाही, सही फक्त ‘कु. शालन’ अशी आहे. एकाच्या फ्रेमला वाळवी लागलीय, न्यायला येताना जुनी चादर घेऊन या.