खुर्ची हलवायच्या आधी

बाळ,

तुझा फोन झाला आणि माझं कशात लक्षच लागेना, म्हणून लिहायला बसले. बाबा गेल्यापासून आई रोज संध्याकाळी त्यांच्या खुर्चीसमोर चहाचा कप ठेवते, बेळगावातल्या वडगावच्या बाजारात आज भाजी किती महागली ते त्यांना सांगते. आणि तू बेंगळूरहून मला विचारतोस, ती खुर्ची माळ्यावर टाकू का? अरे, मला काय विचारतोस? तिला विचार.

वेल्समधल्या एका डॉक्टरांनी १९७१ साली २९३ विधवा-विधुरांचे अनुभव छापले. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या माणसाचा काही ना काही भास व्हायचा, बऱ्याच जणांना ते आसपास आहे असं वाटायचं, आणि बहुतेकांनी ते कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. तुझी आई निदान मोठ्यानं बोलते. तिचं जेवण-झोप तुटलं तर जरूर दवाखाना गाठ. चहाच्या कपासाठी नको.

मी खानापुरात सून म्हणून आले त्याच्या दुसऱ्या वर्षी सासरे गेले. पुढं एकदा सासूबाई माहेरी गेल्या असताना मी सासऱ्यांची घोंगडी एका धनगराला देऊन टाकली. आमच्याकडचा पाऊस तुला ठाऊक आहे. बुरशी धरली होती, घरात तान्हं पोर. कुणीही तेच केलं असतं. सासूबाई आल्या, खुंटीकडं बघितलं, चूल पेटवायला बसल्या. त्या खुंटीला त्यांनी शेवटपर्यंत दुसरं काही अडकवू दिलं नाही. विचारलं असतं तर त्यांनीच उन्हात घातली असती. पण पावसाळ्यात ऊन तरी कुठलं, असं मी अजून स्वतःला सांगते.

तुझे काका गेल्यावर त्यांचं घड्याळ मी बांधलं. ढिलं आहे, कोपराकडं सरकतं. धाकट्यानं विचारलं, पट्टा लहान करून आणू? नको म्हटलं. विषय संपला. एवढं सोपं असतं रे!

पलीकडं कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड गावानं २०२२ साली विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करायचा ठराव केला. चांगलंच झालं. पण घरातल्या खुर्चीचा ठराव कुठली पंचायत करणार?

रेशनकार्डावरचं नाव कमी करावं लागेल, पेन्शनसाठी नाडकचेरीत, म्हणजे सरकारी कचेरीत, जावं लागेल. ते कर. फक्त कानडी अर्जात काय लिहिलंय ते सहीआधी तिला मराठीत वाचून दाखव, आणि मग विचार.

दिवाळीला येशील तेव्हा स्वतःला दुसरी खुर्ची ओढून घे. आणि तो चहा शेवटी कोण पितं, तेवढं मला कळव.

तुझी
काकू