'मास्ट पेशी'तला 'मास्ट' कुठला?

'मास्ट सेल' या ॲलर्जीशी संबंधित पेशीच्या नावातला 'मास्ट' म्हणजे जहाजाची डोलकाठी का, आणि मराठीत या पेशीला 'स्तंभपेशी' म्हणावे का, असे विचारले आहे. दोन्हींचे उत्तर नकारार्थी आहे. मूळ शब्द जर्मन असून त्या भाषेत 'मास्ट' म्हणजे जनावरांना भरपूर खाऊ घालून पुष्ट करणे. जर्मन वैद्यक-संशोधक पॉल एर्लिख यांनी १८७८ साली लाइपझिग विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात कणांनी गच्च भरलेल्या या पेशींचे वर्णन केले आणि अतिपोषणाने त्या अशा भरल्या असाव्यात, या समजुतीने त्यांना 'मास्टत्सेलेन' म्हटले.

तर्क चुकीचा ठरला, निरीक्षण मात्र अचूक होते. टोल्युइडिन ब्लू हा निळा रंग दिला, तरी या पेशींतले कण जांभळट-तांबडे दिसतात, कारण त्यांतल्या हेपॅरिनवर (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्यावर) रंगाचे रेणू दाटीने बसतात. त्याच कणांत हिस्टामीन हे ॲलर्जीची लक्षणे घडवणारे रसायनही असते. त्वचा, श्वासमार्ग आणि आतडे अशा वेशीवरच्या जागी, रक्तवाहिन्यांलगत या पेशी असतात. त्यांच्या पृष्ठभागावर बसलेल्या आयजीई (IgE) या ॲलर्जीतल्या प्रतिपिंडांना ओळखीचा पदार्थ भेटला की काही मिनिटांतच कणांतला ऐवज बाहेर पडतो. आपण ज्याला 'अंगावर पित्त उठणे' म्हणतो, त्यातल्या गांधी बहुतेक वेळा हिस्टामीनमुळे सैल झालेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून झिरपलेल्या द्रवाने उठतात. तिथले 'पित्त' हा आयुर्वेदातला दोष आहे, यकृतात तयार होणारा पाचकरस नव्हे. आमसुलाचे पाणी चोळणाऱ्यांनी या भेदाची फिकीर कधीच केली नाही. कणांतला ऐवज बाहेर पडण्याचा हाच स्फोट सर्व अंगभर झाला, तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतते आणि तेव्हा मांडीत ॲड्रिनलीनचे इंजेक्शन तातडीने द्यावे लागते.

तरीही या पेशींना केवळ ॲलर्जीच्या खलनायिका ठरवणे अन्यायाचे होईल. त्या कृमी आणि जिवाणूंविरुद्ध लढतात. शिवाय मधमाशीच्या व काही सापांच्या विषाचे घटक त्यांच्यातल्या विकरामुळे (एन्झाइममुळे) निकामी होतात, हे २००६ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले.

म्हणून 'पुष्टपेशी' असे भाषांतर केल्यास एर्लिख यांचा फसलेला तर्क मराठीत नव्याने रुजेल. 'मास्ट पेशी' हेच रूप मला बरे वाटते. त्या प्रमाणाबाहेर वाढण्याच्या विकाराला 'मास्टोसायटोसिस' म्हणतात, पण स्तनदाहासाठीच्या 'मास्टायटिस'मधला 'मास्ट' ग्रीक असून त्याचा अर्थ स्तन असा आहे.