पी५३ प्रथिनावरून फुप्फुसाच्या कर्करोगातील आयुर्मान सांगता येते का?

बायोप्सीच्या अहवालात ‘पी५३ पॉझिटिव्ह’ असे लिहिले असल्यास रुग्ण किती काळ जगेल, हे केवळ त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी आजाराचा टप्पा कितीतरी अधिक भरवशाचा आहे. पेशींच्या बेबंद वाढीला आवर घालणारे हे प्रथिन निरोगी पेशीत लवकर नष्ट होते, मात्र जनुकात बिघाड झाल्यास निकामी प्रथिन साचून राहते आणि तपासणीत ‘पॉझिटिव्ह’ म्हणून दिसते. म्हणजे हा ‘पॉझिटिव्ह’ शब्द, ऐकायला कितीही चांगला वाटला, तरी बहुधा संरक्षण हरपल्याचेच लक्षण असतो. ॲडेनोकार्सिनोमा (ग्रंथींसारख्या पेशींपासून होणारा फुप्फुसाच्या कर्करोगाचा प्रकार) यात अशा बिघाडाचा संबंध काहीशा कमी आयुर्मानाशी आढळला असला, तरी सर्व अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या स्मॉल सेल (लहान पेशींच्या) प्रकारात पी५३ आणि आरबी (पेशींच्या वाढीला आवर घालणारे आणखी एक प्रथिन) ही दोन्ही प्रथिने जवळजवळ सर्वच रुग्णांत निकामी असल्याने त्यांवरून रुग्णारुग्णांत फरक करता येत नाही.