चिमणी कुठली घ्यावी? आधी पाइप कुठून काढणार ते ठरवा

पुण्यात धायरीला नवा २ बीएचके, स्वयंपाकघर ८ बाय ९ फूट, लागून ड्राय बाल्कनी, तीन बर्नरची शेगडी, आईंना दम्याचा त्रास. आणि दुकानदार म्हणतोय १५०० सक्शनची (म्हणजे तासाला १५०० घनमीटर हवा ओढणारी) फिल्टरलेस ऑटोक्लीन घ्या, भिंत फोडायची नसेल तर बिनपाइपचीही चालेल. तुम्ही दिलेली एवढी माहिती उत्तराला पुरेशी आहे. माझं मत आधीच सांगते: बिनपाइपची घेऊ नका, आणि एकही मॉडेल बघायच्या आधी पाइप घराबाहेर कुठून निघणार ते नक्की करा. चिमणी चांगली की वाईट हे निम्म्याहून जास्त त्या पाइपवर ठरतं.

मी सिंहगड रोडला राहते आणि गेली ११ वर्षं घरून पोळी-भाजीचे डबे देते. सकाळी साडेपाच ते दहा शेगडी सलग चालू असते. या काळात माझ्या दोन चिमण्या झाल्या. पहिलीच्या वेळी मी फक्त चिमणी निवडली, पाइपचा विचार बसवणाऱ्यावर सोडला. त्याने ४ इंची पीव्हीसी पाइप लावला, दोन कोपर देऊन ड्राय बाल्कनीत आणला आणि तिथेच छताखाली मोकळा सोडला. "इथून जाईल बाहेर," म्हणाला. आमच्या ड्राय बाल्कनीला स्लायडिंगच्या काचा आहेत आणि पावसाळ्यात त्या बंदच असतात. दोन-अडीच महिन्यांनी मुलाच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर खांद्यावर, पिवळसर ठिपके दिसायला लागले. धुतले तरी जाईनात. एकदा दोरीवरून कपडे काढताना वर बघितलं, तर पाइपच्या तोंडाशी मधासारखा दाट, तपकिरी तेलाचा थेंब लोंबत होता. खाली वॉशिंग मशीनच्या झाकणावर त्याचंच चिकट वर्तुळ. धूर बाल्कनीत कोंडून दारातून परत आत येत होता तो वेगळाच. इतके दिवस मी चिमणीलाच दोष देत होते.

म्हणून तुमच्याकडे पहिलं काम हे: शेगडीच्या वरून बाहेरच्या मोकळ्या हवेपर्यंत सगळ्यात जवळची वाट शोधा. ड्राय बाल्कनीची भिंत ही बाहेर नव्हे, बाल्कनीच्या काचेपलीकडे बाहेर. पाइप ६ इंचीच हवा. ४ आणि ६ मधला फरक ऐकायला थोडा वाटतो, पण ४ इंची पाइपच्या तोंडाचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस इंच भरतं आणि ६ इंचीचं २८. म्हणजे ४ इंची पाइप लावला की अर्ध्याहून जास्त वाट बंद. मग मोटर ओरडते आणि धूर ओट्यावरच राहतो. चिमणीच्या डोक्यावरचं तोंड ६ इंची असताना पुढे रिड्यूसर लावून लहान पाइप जोडणारे आजही भेटतात, त्यांना ठाम नाही म्हणा.

लांबी १० फुटांच्या आत ठेवा, वळणं दोनच्या वर नकोत, आणि वळण काटकोनी कोपराऐवजी मोठ्या वळशाचं असू द्या. ॲल्युमिनियमचा घडीचा पाइप वापरणार असाल तर तो पूर्ण ताणून लावायला सांगा. तो सैल राहिला की घड्यांमध्ये तेल साचतं. आडव्या भागाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यावा, म्हणजे आपल्याकडचा झोडपणारा पाऊस पाइपमधून ओट्यावर येत नाही.

भिंतीला गोल भोक कोअर कटिंगवाल्याकडूनच पाडून घ्या. छिन्नी-हातोड्याने फोडलेल्या भोकाच्या कडेने पुढे ओल येते. खिडकीच्या वर बहुतेक बीम असतो, त्याला किंवा कॉलमला चुकूनही हात लावू देऊ नका. भोक विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीतच. सोसायटीला आधी पत्र द्या. भिंत फोडायची परवानगी मिळाली नाही, तर खिडकीच्या वरच्या भागातली एक काच काढून तिथे ॲल्युमिनियमचा पत्रा बसवता येतो आणि त्यातून पाइप जातो. माझं शेवटी तसंच केलंय आणि उत्तम चाललंय. एक मात्र करू नका: इमारतीत पाण्याचे पाइप जातात त्या बंद डक्टमध्ये धूर सोडू नका. तो वरच्या मजल्यावर कुणाच्या तरी बाथरूममध्ये निघतो.

बाहेरच्या तोंडाला पडत्या झडपांचं झाकण लावा, ज्या चिमणीच्या हवेने उघडतात आणि चिमणी बंद केली की आपोआप मिटतात. पुण्यात कबुतरांचा उपद्रव तुम्हाला सांगायला नकोच; उघड्या पाइपात ती काड्या आणून भरतात. काहीजण बारीक जाळी लावतात, पण ती तेलाने महिन्याभरात बुजते.

आता जरा गंभीर गोष्ट. ड्राय बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का? चिमणी जेवढी हवा बाहेर फेकते तेवढीच हवा कुठून तरी आत यावी लागते. दारं-खिडक्या बंद असतील तर ती गिझरच्या बाजूने ओढली जाते, आणि त्याच्याबरोबर गिझरचा जळका वायूही. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. घरात असा गिझर असेल तर तो आणि चिमणी एकाच वेळी चालवू नका, आणि चिमणी चालू असताना हॉलकडची एखादी खिडकी तरी चार बोटं उघडी ठेवा. खिडकी उघडल्याने चिमणीही नीट ओढते, बंद घरात ती नुसती घरघरते.

माझं आजोळ कसब्यातल्या वाड्यात होतं. चुलीच्या बरोबर वर छपरात धुराडं होतं आणि समोरच्या भिंतीत खाली एक झरोका. आजी स्वयंपाकाला बसली की आधी तो झरोका उघडायची. खालून हवा आत, वरून धूर बाहेर. आपल्या फ्लॅटमध्ये ही सोय आपल्यालाच करावी लागते.

आईंच्या दम्यासाठी बिनपाइपची का नको, ते सांगते. तिच्यात कोळशाचा फिल्टर असतो. तो वास बराच पकडतो, पण वाफ आणि उष्णता अडवत नाही. हवा गाळून त्याच खोलीत परत सोडतो आणि काही महिन्यांनी बदलावाही लागतो. गॅस जळताना नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो, पाइप गॅस असो की सिलिंडर. दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेला तो त्रास देतो, आणि तो काढायचा खात्रीचा मार्ग म्हणजे हवा घराबाहेर टाकणं. फोडणीचा, मिरचीचा ठसका वेगळाच. आणि तळणाच्या धुराला साधा समजू नका: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात मोठ्या आचेवर तळताना निघणाऱ्या धुराला माणसात बहुधा कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या गटात, म्हणजे २ए मध्ये ठेवलं आहे. दिवाळीत आठ-आठ दिवस चकल्या, शेव, अनारसे तळणाऱ्या आपल्या बायकांनी हे ऐकून ठेवावं, एवढ्यासाठी सांगितलं.

सक्शनचा आकडा. तुमचं स्वयंपाकघर ८ बाय ९, छत ९ फूट धरलं तर ६४८ घनफूट, म्हणजे साधारण १८ घनमीटर. आपला स्वयंपाक फोडणीचा, म्हणून तासाला २० वेळा हवा बदलायची ठरवली तरी ३६० घनमीटर पुरतात. खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. पाइप, वळण, झडपा लागल्या की तो बराच खाली येतो, म्हणून हातचं राखून १००० ते १२०० ची घ्या. स्वयंपाकघर हॉलला उघडं असेल तरच पुढचा विचार करा. १५०० ची तुम्हाला गरज नाही. शिवाय चिमणी पूर्ण वेगावर इतका आवाज करते की माणूस ती बंदच ठेवतो. आवाज डेसिबलमध्ये छापलेला असतो. १० डेसिबल वाढले की कानाला जवळपास दुप्पट वाटतं, त्यामुळे ५८ आणि ६५ हा फरक किरकोळ समजू नका. दुकानात ती चालू करून तिच्याखाली उभं राहून बोलून बघा. जमलं तर बीएलडीसी म्हणजे आत घासणारे ब्रश नसलेल्या मोटरची घ्या, वीज आणि आवाज दोन्ही कमी.

फिल्टरचं मात्र मला दुकानदाराहून वेगळं वाटतं. जाळीचा फिल्टर आपल्या तेलाला टिकत नाही, लवकर बुजतो, तो सोडून द्या. बॅफल म्हणजे स्टीलच्या वाकड्या पट्ट्या. धूर त्यांतून वळणं घेत जातो, तेल जड असल्यामुळे पट्टीला चिकटून खाली वाहतं आणि धूर पुढे जातो. मी हाच वापरते. दर दुसऱ्या रविवारी मोठ्या घमेल्यात कढत पाणी, दोन मुठी धुण्याचा सोडा, त्यात फिल्टर अर्धा तास बुडवून ठेवते आणि जुन्या ब्रशने घासते. पाणी चहासारखं होतं आणि स्टील लखलखतं. फक्त फिल्टर ॲल्युमिनियमचा असेल तर सोडा नको, तो काळा पडतो. तिथे भांड्याचा साबण बरा.

फिल्टरलेसमध्ये पंखाच गरागरा फिरून तेल बाजूला फेकतो आणि ते वाटीत जमतं. फिल्टरचं घासणं वाचतं हे खरं. पण उरलेलं तेल आत पंख्यावर आणि पाइपमध्ये बसतं, तिथे आपला हात पोचत नाही, सर्व्हिसवाल्याला बोलवावं लागतं. ऑटोक्लीन म्हणजे आतली कॉइल तापून साचलेलं तेल वितळवते आणि ते वाटीत उतरतं. सोय चांगली आहे, पण चिमणी आपोआप धुतली जाते असा अर्थ घेऊ नका. बटण वेळच्या वेळी दाबावं लागतं, वाटी रिकामी करावी लागते, आणि कडक होऊन बसलेलं जुनं तेल त्यातून निघत नाही. तुमच्या घरी फिल्टर काढून घासणारं कुणी असेल तर बॅफल, आणि जोडीला ऑटोक्लीन मिळालं तर उत्तम. आईंनाच वर हात करून फिल्टर काढावा लागणार असेल, तर मात्र फिल्टरलेस घ्या आणि वर्षातून दोनदा सर्व्हिस करून घ्या.

रुंदी शेगडीइतकी तरी हवीच. तुमची तीन बर्नरची शेगडी मोजा. ती ६० सेंटिमीटरहून रुंद असेल, आणि बहुतेक असतेच, तर ९० ची घ्या. मधल्या बर्नरवर ६० ची पुरते, पण कडेच्या कढईचा धूर तिला चुकवून निघून जातो. शेगडीपासून उंची २६ ते ३० इंच. ट्रॉलीवाले वरच्या कपाटांच्या ओळीत दिसावी म्हणून ती उंच चढवतात, तसं करू देऊ नका. तिरकी चिमणी डोक्याला लागत नाही आणि दिसायला छान, पण पुढच्या बर्नरचा धूर सपाट, खाली छत्रीसारख्या पसरलेल्या चिमणीत जास्त चांगला शिरतो. तळण नेहमी भिंतीजवळच्या बर्नरवर करा, फरक तुम्हालाच दिसेल. आणि एक्झॉस्ट फॅनचं जुनं भोक चिमणीच्या पाइपजवळ असेल तर ते बुजवा, नाहीतर बाहेर टाकलेला धूर तिथूनच आत येतो.

हात हलवून चालू होणारी, आवाजाने चालणारी वगैरे मी सुचवणार नाही. माझ्या दुसऱ्या चिमणीचा टच पॅनल दोन वर्षांत गेला. कंपनीची वॉरंटी मोठ्या अक्षरात लिहिलेली होती, पण ती नुसत्या मोटरची, सर्किटची एकच वर्ष. मोटर सहसा जात नाही, जातो तो पॅनलच, त्यामुळे बिल करताना संपूर्ण चिमणीची वॉरंटी किती वर्षं हे लिहून घ्या. साधी दाबायची बटणं मिळाली तर तीच घ्या; पिठाच्या हाताने लागतात आणि तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत कुणीही बदलून देतो.

बसवून झाल्यावर कारागिराला लगेच सोडू नका. पुढच्या बर्नरवर, गॅस बंद ठेवून, कढईच्या उंचीला उदबत्ती धरा आणि चिमणी मधल्या वेगावर लावा. धुराची रेघ सरळ वाकून आत जायला हवी. मग सगळ्या खिडक्या बंद करून बघा, पुन्हा एक उघडून बघा. रेघ ओट्यावर रेंगाळली तर पाइप, वळण किंवा झडप यात कुठेतरी चूक आहे, आणि ती त्याच्या समोरच दुरुस्त करून घ्या.