शेतावरचे कॅमेरे घरून दिसतात, पण पोर्ट फॉरवर्ड करूनही बाहेरून दिसत नाहीत. लांबच्या वायरलेस लिंकचा दोष असेल का?

आपण दिलेल्या माहितीवरून चित्र असे दिसते: गावातल्या घरी फायबरचे कनेक्शन आहे, तिथून साडेतीन किलोमीटरवरच्या शेतापर्यंत ५ गिगाहर्ट्‌झच्या दोन रेडिओंची लिंक नेली आहे, शेतावरच्या खोलीत एनव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा रेकॉर्डर) आणि चार कॅमेरे आहेत, घरच्या वाय-फायवर एनव्हीआरचा १९२.१६८.१.५० हा पत्ता टाकला की सर्व कॅमेरे नीट दिसतात, परंतु राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करूनही, म्हणजे बाहेरून ठरावीक पोर्टवर आलेली विनंती एनव्हीआरकडे वळवूनही, पुण्याहून काहीच उघडत नाही. लिंक बसवणाऱ्याने ‘अंतर जास्त आहे’ असे सांगितले आहे.

हे कारण मला पटत नाही. घरून चित्र दिसते तेव्हा तीच पॅकेट्स त्याच लिंकवरून येत असतात. बाहेरून आलेल्या विनंतीसाठी रेडिओंना निराळे काही करावे लागत नाही. साताऱ्याकडच्या आमच्या गावी मी अशीच जोडणी काही वर्षे चालवत आहे, आणि सुरुवातीला मीही रेडिओंवरच संशय घेऊन दोन रविवार खांबावर चढण्यात घालवले होते. दोष खांबावर नव्हता, एनव्हीआरच्या एका रकान्यात होता. त्याकडे येतोच, पण त्याआधी दोन गोष्टी तपासून बाजूला काढाव्या लागतील.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याला सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता) मिळाला आहे का. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता पाहा आणि ‘माझा आयपी कोणता’ हे सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या पत्त्याशी तो ताडून पाहा. दोन्ही सारखे असतील तर पुढे जा. वॅनचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कोणत्याही आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपण सेवा देणाऱ्याच्या सीजीनॅटमागे, म्हणजे अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे, आहात. आशिया-प्रशांत विभागातला आयपीव्ही४ पत्त्यांचा साठा एप्रिल २०११ मध्ये शेवटच्या गटावर आला आणि २०१२ मध्ये हा १००.६४ चा पट्टा खास याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. त्यामुळे एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवलेले असतात. अशा वेळी आपण आपल्या खोलीच्या दारावर कितीही ठळक पाटी लावली, तरी पाहुणा वाड्याच्या दिंडीदरवाजावरच अडलेला असतो आणि त्या दरवाजाची किल्ली आपल्याकडे नसते. सेवा देणाऱ्याकडून स्टॅटिक आयपी घेणे किंवा शेवटी सांगितलेला बोगद्याचा (व्हीपीएनचा) मार्ग धरणे, एवढेच दोन उपाय उरतात. काही सेवा देणारे सीजीनॅटसाठी १० ने सुरू होणारे पत्तेही वापरतात, म्हणून केवळ १०० वर नजर ठेवू नका. वॅनचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा फायबरचा डबा स्वतःच राऊटर बनून बसला आहे आणि त्याच्यामागे आपला राऊटर दुसऱ्यांदा नॅट (पत्त्यांची अदलाबदल) करत आहे; त्या डब्याला ब्रिज मोडमध्ये (पॅकेट्स नुसती पुढे सरकवणाऱ्या अवस्थेत) टाकावे, किंवा त्याच्यावरही तोच पोर्ट आपल्या राऊटरकडे फॉरवर्ड करावा.

दुसरी गोष्ट चाचणीची आहे. घरच्या वाय-फायवर बसून स्वतःचाच सार्वजनिक पत्ता उघडून पाहिला आणि तो उघडला नाही, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. आतून बाहेर जाऊन पुन्हा आत वळणारा हा प्रवास अनेक घरगुती राऊटरांना जमत नाही. मोबाइलचे वाय-फाय बंद करून, डेटावरूनच चाचणी घ्यावी. आपण पुण्याहून पाहिले असल्याने हा प्रश्न आपल्यापुरता सुटलेला आहे.

आता मुख्य मुद्दा. आपल्या वर्णनातला ‘घरून १९२.१६८.१.५० टाकले की दिसते’ हा तपशील फार उपयोगाचा आहे, कारण आपला राऊटरही १९२.१६८.१ च्याच जाळ्यात असेल तर दोन्ही रेडिओ ब्रिज मोडमध्ये आहेत आणि शेत व घर हे एकच सलग लॅन (स्थानिक जाळे) आहे, असा त्याचा अर्थ होतो. एकाच लॅनमधली दोन उपकरणे एकमेकांशी थेट बोलतात. त्यांना गेटवेची, म्हणजे परक्या जाळ्याकडे नेणाऱ्या दाराची, गरज लागत नाही. पुण्याहून आलेल्या पॅकेटवर मात्र पाठवणाऱ्याचा पत्ता परक्या जाळ्यातला असतो. राऊटर ते पॅकेट एनव्हीआरपर्यंत इमानेइतबारे पोहोचवतो, एनव्हीआर उत्तरही तयार करतो, पण ते उत्तर आपल्या डिफॉल्ट गेटवेकडे सोपवतो. आणि तो रकाना रिकामा किंवा चुकीचा असेल, तर उत्तर शेतावरच विरून जाते. बाहेरच्या माणसाला वाटते पोर्ट बंद आहे, आतल्या माणसाला सगळे सुरळीत दिसते.

आमच्याकडे नेमके हेच झाले होते. बसवणाऱ्याने एनव्हीआरचा गेटवे म्हणून शेतावरच्या रेडिओचा पत्ता, १९२.१६८.१.२०, भरला होता. युबिक्विटीचे अनेक रेडिओ कारखान्यातून याच पत्त्यासह येतात आणि ‘इंटरनेट इथूनच येते’ या समजुतीने तो पत्ता गेटवेच्या रकान्यात जातो. ब्रिज मोडमधला रेडिओ स्विचसारखा असतो. तो कोणाचा गेटवे नसतो. तिथे घरच्या राऊटरचा लॅन पत्ता, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१, हवा. सबनेट मास्कही २५५.२५५.२५५.० असल्याची खात्री करून घ्या.

याच दोषाचे एक फसवे रूप आहे. काही जण लिंक पडली तर सोय असावी म्हणून शेतावर सिम कार्डाचा राऊटरही ठेवतात आणि त्याचा डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सेवा) सुरूच राहतो. मग एनव्हीआरला पत्ता योग्य जाळ्यातला मिळतो, पण गेटवे त्या सिमवाल्या राऊटरचा मिळतो. विनंती फायबरवरून येते आणि उत्तर सिमवरून निघते. पुण्यातला मोबाइल भलत्याच पत्त्यावरून आलेले ते उत्तर स्वीकारत नाही. एका लॅनमध्ये डीएचसीपी देणारा एकच असावा.

अंदाज बांधण्यापेक्षा पॅकेट कुठपर्यंत पोहोचते हे पाहणे केव्हाही चांगले. मायक्रोटिकसारख्या राऊटरवर नॅटच्या नियमासमोर पॅकेट्सचा आकडा दिसतो. राऊटरवर ओपन-डब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली असेल तर टीसीपीडम्प हा पॅकेट्स दाखवणारा प्रोग्राम चालवता येतो. बाहेरून प्रयत्न केल्यावर वॅनवर काहीच येत नसेल, तर अडथळा सेवा देणाऱ्याकडे आहे. वॅनवर येऊन लॅनकडे जात नसेल, तर आपला नियम चुकला आहे. लॅनकडे गेले आणि एनव्हीआरकडून उत्तर आले नाही, तर बहुतेक वेळा गेटवे. याची खूण पटवण्यासाठी मी आणखी एक युक्ती वापरतो: एनव्हीआरकडे जाणाऱ्या त्या पोर्टच्या रहदारीवर राऊटरमध्ये तात्पुरते मास्करेड लावायचे, म्हणजे एनव्हीआरला प्रत्येक विनंती घरच्या राऊटरकडूनच आल्यासारखी वाटते आणि उत्तर देताना गेटवे लागत नाही. एवढ्याने चित्र दिसू लागले, तर दोष गेटवेचाच. हा नियम कायमचा मात्र ठेवू नये, कारण त्यानंतर एनव्हीआरच्या नोंदींमध्ये प्रत्येक लॉगिनसमोर राऊटरचाच पत्ता दिसेल आणि परका माणूस कोण हे कळणार नाही.

रेडिओंची एकच गोष्ट या प्रकरणात खरोखर आड येऊ शकते. साध्या स्टेशन मोडमध्ये वाय-फायच्या फ्रेममध्ये तीनच पत्त्यांची जागा असते, त्यामुळे पलीकडच्या रेडिओमागची सर्व उपकरणे अलीकडे त्या रेडिओच्याच मॅक (हार्डवेअरच्या) पत्त्याने वावरू शकतात. घरच्या राऊटरच्या एआरपी तक्त्यात (कोणत्या आयपीसमोर कोणता मॅक, याच्या यादीत) एनव्हीआर आणि कॅमेरे अशा सर्वांसमोर एकच मॅक दिसला, तर हेच घडत आहे. मग मॅकवर बांधलेले डीएचसीपी आरक्षण गोंधळते, एनव्हीआरचा पत्ता बदलतो आणि पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम रिकाम्या पत्त्याकडे बोट दाखवत राहतो. दोन्ही टोकांना डब्ल्यूडीएस, म्हणजे चार पत्त्यांचा मोड, सुरू करावा आणि एनव्हीआरला हाताने कायमचा पत्ता द्यावा.

अंतराबद्दल एवढेच: साडेतीन किलोमीटर जाऊन येण्यास लहरींना सुमारे २३ मायक्रोसेकंद लागतात, आणि रेडिओत अंतराची सेटिंग घरगुती मापाची राहिली तर तो पोचपावतीची वाट न पाहता पॅकेट पुन्हा पाठवत बसतो. मध्यावर फ्रेनेल झोनची (दोन रेडिओंमध्ये लहरींना लागणाऱ्या जागेची) त्रिज्या जवळजवळ पावणेसात मीटर भरते आणि तिचा निदान ६० टक्के भाग मोकळा हवा, म्हणून खांब बुटके असतील तर खोडव्याच्या वेळी जुळवलेली लिंक ऊस डोक्यावर गेल्यावर कुरकुरू लागते. पण या दोन्ही तक्रारी घरून पाहतानाही जाणवल्या असत्या. व्हेनेझुएलात २००७ मध्ये वाय-फायची लिंक ३८२ किलोमीटरवर चालवून दाखवली गेली आहे; आपले अंतर त्यापुढे काहीच नाही.

गेटवे दुरुस्त केल्यावर लॉगिनचे पान उघडले पण चित्र गोठले, तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) पाहा. पीपीपीओई (यूजरनेम-पासवर्डने जोडल्या जाणाऱ्या) कनेक्शनवर तो १४९२ असतो, म्हणून राऊटरमध्ये एमएसएस (एका पॅकेटमधल्या माहितीचा कमाल आकार) १४५२ वर आणावा.

आणि हे सर्व जमल्यावर एनव्हीआरचा पोर्ट जगासाठी उघडा ठेवावा का, याचा विचार जरूर करा. २०१६ मध्ये मिराई या कीटक-प्रोग्रामने कारखान्याचे पासवर्ड तसेच राहिलेले कॅमेरे आणि रेकॉर्डर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते. मी एनव्हीआरचा पोर्ट बंद करून घरच्या राऊटरवर वायरगार्ड (व्हीपीएनचा बोगदा उभारणारा प्रोग्राम) बसवले आहे. बाहेर फक्त ५१८२० हा एक यूडीपी पोर्ट उघडा आहे आणि मोबाइल त्या बोगद्यातून घरच्या लॅनमध्ये येतो. बोगद्यातल्या मोबाइलचा पत्ताही वेगळ्या जाळ्यातला असतो, म्हणून गेटवेची दुरुस्ती इथेही चुकत नाही. सीजीनॅट असेल तर एखादा स्वस्त व्हीपीएस, म्हणजे इंटरनेटवरचा सर्व्हर, भाड्याने घेऊन घरच्या राऊटरनेच त्याच्याशी बोगदा जोडायचा आणि कीप-अलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारे छोटे पॅकेट) २५ सेकंदांवर ठेवायचे, म्हणजे मधल्या नॅटमधली वाट मिटत नाही.

पुन्हा लिहाल तेव्हा एनव्हीआरच्या नेटवर्क पानावरचा गेटवे आणि राऊटरच्या वॅन पत्त्याचे फक्त पहिले दोन आकडे कळवा. पूर्ण सार्वजनिक पत्ता इथे टाकू नका.