रिपोर्टमधला ‘बल्ज’ आणि मणक्यातला ‘गॅप’

ताई, तुम्ही कंबरेच्या एमआरआय रिपोर्टमधली वाक्यं दिलीत: एल४-एल५ ला (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) डिफ्यूज डिस्क बल्ज, म्हणजे मधली गादी सगळीकडून थोडी फुगलेली, डेसिकेशन, थीकल सॅकवर (नसांभोवतीच्या पिशवीवर) किंचित दाब. वय ४३, तीन महिने कंबर धरलेली, पायात काही नाही. आणि नातेवाईक म्हणतात, मणक्यात गॅप पडलाय, ऑपरेशनशिवाय सुटका नाही. तुमची झोप का उडाली ते कळतं.

आधी तो ‘गॅप’. दोन मणक्यांमधली गादी वयानुसार वाळते, बसते. म्हणजे तिथली जागा वाढत नाही, उलट कमी होते. हा एक शब्द ऐकून माणसं वर्षानुवर्षं वाकायला घाबरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

फिल्म खिडकीसमोर धरा. बाजूने काढलेल्या ज्या चित्रांत मणक्याच्या नळीतलं पाणी पांढरंशुभ्र दिसतं, त्यांत गाद्या बघा. वरच्या उजळ असतील, खालची एखादी काळपट. ते डेसिकेशन, म्हणजे गादीतलं पाणी कमी झालंय. कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा एकत्रित अभ्यास २०१५ साली आला. चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या, ५० टक्के लोकांत बल्ज होता. त्यांना दुखत नव्हतं!

मग रिपोर्ट कधी मोलाचा? माझंच सांगते. फळीवरचा डबा काढायला चवड्यांवर उभी राहिले, तर डावी टाच उचललीच जाईना. पोटरीतून कळ जायची, करंगळीची बाजू बधिर. डॉक्टरांनी घोट्यामागे हातोडी मारली, पाय हलला नाही. ते म्हणाले, एस१ ची, म्हणजे कंबरेखालून पोटरी-पावलाकडे जाणारी नस दबली असावी. एमआरआय नंतर झाला आणि त्यात एल५-एस१ ला, म्हणजे कंबरेच्या सगळ्यात खालच्या गादीत, डावीकडे एक्स्ट्रूजन (गादीचा आतला भाग बाहेर येणं) निघालं, त्याच नसेवर. तपासणी आणि चित्र जुळलं. तरीही ऑपरेशन लागलं नाही, कारण बाहेर आलेला गादीचा भाग शरीर बरेचदा हळूहळू शोषून घेतं. टाच पूर्ण उचलायला मला सात महिने लागले.

तुमच्या रिपोर्टमध्ये पिशवीवर किंचित दाब असला तरी एखादी नस दबल्याचा उल्लेख नाही आणि पायही साथ देतायत, म्हणून मला तरी घाईचं काही दिसत नाही. चालणं सोडू नका. पडून राहिल्याने कंबर आणखी आखडते. पण लघवी अडकली, बसण्याच्या जागी बधिरपणा आला किंवा पायांतली ताकद जायला लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठं हॉस्पिटल गाठा. बारीक ताप, वजन उतरणं किंवा रात्री वाढणारं दुखणं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग दुर्मीळ नाही.

पुढच्या भेटीला नुसता कागद नको, फिल्म आणि सीडी दोन्ही न्या. टाचांवर आणि चवड्यांवर चालून दाखवा आणि विचारा, ‘या चित्रातलं नेमकं काय माझ्या दुखण्याशी जुळतंय?’