यूव्ही-व्हिजिबलवर पहिल्यांदा बसताना

यूव्ही-व्हिजिबल म्हणजे द्रावण कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते मोजणारं यंत्र. पाय-पायस्टार, एन-पायस्टार संक्रमणांचे (इलेक्ट्रॉनच्या उड्यांचे) तक्ते तूर्त बाजूला ठेव. आधी भरवशाचं रीडिंग यायला हवं.

सगळ्यात जास्त घोळ क्युवेटमध्ये, म्हणजे द्रावण भरायच्या छोट्या चौकोनी नळीत होतो. साधारण ३२० नॅनोमीटरच्या खाली काच स्वतःच प्रकाश शोषते, तिथे क्वार्ट्झच लागतं. क्युवेट खरखरीत बाजूंनीच धर. पारदर्शक बाजूवर ठसा उमटला की बेसलाइन (शून्याची रेषा) वर सरकते. पुण्याच्या पावसाळ्यात फ्रिजमधलं द्रावण थेट भरलंस तर बाहेरून बाष्प धरतं. ते आधी खोलीच्या तापमानाला येऊ दे.

- दिवा लावून अर्धा तास थांब.
- ब्लँक (शून्य ठरवायला नमुना न घातलेलं नुसतं द्रावक) त्याच सॉल्व्हंटचा, शक्यतो त्याच क्युवेटमध्ये.
- अ‍ॅसिटोनने धुतलंस तर पूर्ण सुकव. ३३० च्या खाली तो सगळं झाकतो.

अ‍ॅब्सॉर्बन्स (किती प्रकाश शोषला त्याचं माप) ०.२ ते ०.८ मध्ये ठेव. तो २ झाला की जेमतेम १ टक्का प्रकाश पलीकडे पोहोचतो, त्यात भटका प्रकाश मिसळतो आणि शोषण विरुद्ध संहती या आलेखाची रेषा वाकते. तरंगलांबीच्या आलेखातलं शिखर सपाट दिसलं? डायल्यूट कर.

सरावाला पोटॅशियम परमँगनेट उत्तम: ०.१ ते ०.३ मिलिमोलरची पाच ताजी द्रावणं, ५२५ नॅनोमीटरला. रेषा सरळ आली नाही तर बीअरच्या नियमावर (शोषण संहतीच्या प्रमाणात वाढतं) शंका घेण्याआधी पिपेट तपास.